साग, बांबू, लोखंड : चंद्रपूरहून सूरजागड आणि पुढे सिरोंचापर्यंत

चंद्रपूरहून निघायचं, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली करत सूरजागडचा डोंगर गाठायचा, तिथून आलापल्लीला परतून भामरागड पाहायचं आणि शेवटी दक्षिणेला सिरोंचात, प्राणहिता आणि गोदावरीच्या काठी पोचायचं, असा हा प्रवास आहे. आडवाटा धरून अंतर पाचशे किलोमीटरच्या वर जातं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. महाराष्ट्रात एवढं सलग जंगल दुसरीकडे नाही. तरीही पुण्या-मुंबईकडच्या प्रवाशांच्या यादीत ताडोबाच्या पुढचं नाव सहसा नसतं.

आम्ही जानेवारी निवडला. पावसाळ्यात या भागातल्या नद्या आणि नाले रस्ते अडवतात, उन्हाळ्यात चंद्रपूरचं ऊन देशात गाजतं. जानेवारीत धान निघालेलं असतं, नद्या उतरलेल्या असतात आणि सूरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा नुकतीच झालेली असते. निघण्यापूर्वी आम्ही एक प्रश्न मनाशी धरला होता: या जंगलात हा रस्ता कोणी, कशासाठी आणला? प्रत्येक थांब्यावर त्याचं थोडंथोडं उत्तर मिळत गेलं.

चंद्रपूर आणि बल्लारपूर

चंद्रपूरचं कागदोपत्री नाव १९६४ च्या सुमारास बदललं, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून चांदाच आहे, आणि रेल्वेचं एक स्थानकही चांदा फोर्टच राहिलं आहे. गोंड राजांची ही राजधानी. राजा खांडक्या बल्लाळशहा त्वचारोगाने हैराण होता, झरपट नदीच्या पाण्याने त्याला उतार पडला आणि तिथेच त्याने नगर वसवायचं ठरवलं, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. शहराभोवतीचा परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे; गोंड राजसत्तेचं ते चिन्ह. बुरूज झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने भरून गेले होते, ते २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडी घेऊन मोकळे केले. आज परकोटाच्या बऱ्याच भागावरून चालता येतं, त्याचं श्रेय या मुलांचं आहे.

गाव पाहायचं तर अंचलेश्वर दरवाजाच्या बाजूने सुरुवात करावी. तिथे महाकालीचं देऊळ आहे, चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून येणाऱ्या यात्रेकरूंनी तो परिसर भरून जातो. जवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बीरशहाची भव्य समाधी राणी हिराईने बांधून घेतली. नवऱ्यामागे राज्य सांभाळणाऱ्या या राणीचं नाव चंद्रपुरात आदराने घेतात.

चंद्रपूर सोडण्याआधी कारागृहाची आठवण ठेवायला हवी. अहेरी परगण्यातला तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके याने १८५८ मध्ये गोंड आणि इतर तरुणांची फौज उभी करून इंग्रजांशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला इथल्या तुरुंगाच्या आवारात फाशी दिलं. त्या वर्षी २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला त्याच्या साथीदारांनी तार खात्याचे दोन इंग्रज कर्मचारी, गार्टलंड आणि हॉल, यांना ठार केलं होतं. या जंगलातून इंग्रजांनी पहिल्यांदा ओढू पाहिली ती तार. राज्याचा निरोप लवकर पोचावा म्हणून ती होती.

तारेपाठोपाठ इतर योजना आल्या. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावर रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाने १८८२ मध्ये अहवाल लिहिला आणि तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहारा आणि वरोऱ्याची कोळशाची खाण एकमेकांपासून फार लांब नव्हती, म्हणून हिंदुस्थानातलं पोलाद इथेच तयार होईल असं त्यांना वाटलं. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला योग्य ठरला नाही. पुढे १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड पुन्हा चांद्यात हिंडले आणि लोहारा सोडून पूर्वेकडे वळले. त्यांचा शोध मयूरभंजात संपला, कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. चांद्याच्या मातीत लोखंड आहे ही गोष्ट तेव्हापासून सरकारी कागदांत पक्की आहे.

बल्लारपूर चंद्रपूरपासून पंधराएक किलोमीटर. वर्धा नदीच्या काठावर गोंडांचा जुना किल्ला, आणि नदीच्याच पाण्यावर चालणारी कागद गिरणी. गडचिरोलीचा बांबू दशकानुदशकं याच गिरणीत आला. शेजारी सागवानाचा मोठा लिलाव डेपो आहे. ओंडक्यांच्या थप्प्या, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर रंगाने लिहिलेला क्रमांक आणि मारलेला हातोड्याचा शिक्का. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी मार्च २०२३ मध्ये इथूनच सागवान रवाना झालं.

मार्कंड्याची आडवाट

बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी करत आष्टीला जाताना दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर दिसते. आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला की शिवार बदलतं. इथून धानाचं राज्य. बांध्यांमध्ये कापून राहिलेलं धसकट, त्याच ओलीवर धान उभं असतानाच फेकलेली लाखोळी आता वीतभर आलेली, खळ्यावर रचलेले पुंजणे आणि मधूनमधून माजी मालगुजारी तलाव, ज्यांना इथे सगळे मामा तलाव म्हणतात. झाडीपट्टीचं हे रूप पाहायचं तर आष्टीहून सरळ आलापल्लीला न जाता डावीकडे चामोर्शीच्या रस्त्याला लागावं आणि मार्कंडादेव पाहून परत यावं.

मार्कंडा वैनगंगेच्या काठावर आहे. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी विदर्भात दक्षिणेकडे वाहत येते, मात्र मार्कंड्याला वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे जाते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानतात, म्हणून या जागेला विदर्भाची काशी हे नाव पडलं. एकेकाळी इथे दोन डझनांच्या आसपास देवळं होती, आता त्यातली काहीच उभी आहेत. मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचं. मृकंडू ऋषींचं आणि यमधर्माचंही देऊळ आवारात आहे. मृत्यूने हात टाकलेल्या मुलाला शिवाने सोडवलं, त्या कथेतली सगळी पात्रं इथे एका आवारात आहेत.

या देवळांकडे घाईने पाहू नये. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींचे थर एकावर एक चढत जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात एका कोपऱ्याशी उभं राहिलो, तेव्हा दगडात कोरलेल्या स्त्रीच्या कमरपट्ट्याचे मणी वेगवेगळे मोजता येत होते. शेजारच्या मूर्तीचा चेहरा झिजून सपाट झाला होता, पण पायातला वाळा शाबूत होता. वीज पडल्याने देवळाचं मोठं नुकसान झाल्याचं सांगतात. कनिंगहॅमच्या काळापासून पुरातत्त्व खात्याला ही जागा ठाऊक आहे आणि आता जीर्णोद्धाराचं काम अनेक वर्षं रेंगाळलं आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. विदर्भातलं एवढं समृद्ध शिल्प पाहायला एरवी मोजकेच लोक येतात, हे मनाला लागतं.

चामोर्शी ते आष्टी रस्त्यावर कोनसरीला नवा लोह कारखाना दिसतो. सूरजागडचं खनिज इथे येतं. पुढे डोंगराशी पोचल्यावर या जागेचा संबंध नीट उलगडतो.

आलापल्लीचा साग

आष्टीच्या खाली वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. तिथल्या चपराळा अभयारण्यातून आलापल्लीचा रस्ता जातो. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. रस्त्याच्या कडेला साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू. पूर्वी या रस्त्यावर तासभर वाहन भेटत नसे असं आलापल्लीची माणसं सांगतात. आता खनिजाच्या ट्रकांची रांग असते आणि रस्त्यालगतच्या सागाच्या पानांवर तांबड्या धुळीचा थर दिसतो.

आलापल्ली हे वनखात्याचं गाव. जुन्या आरागिरणीचा आवाज, वनकर्मचाऱ्यांच्या वसाहती, नाक्यावर लाकूड मोजण्याचं काम. आठ-दहा किलोमीटरवर अहेरी आहे, आत्राम घराण्याची जुनी जमीनदारी. इंग्रजी अमदानीत चांदा जिल्ह्यातली ही सर्वांत मोठी जमीनदारी होती. अहेरीच्या जंगलातला साग तेव्हा पाण्यावरून जात असे. ओंडके बैलांनी किंवा हत्तींनी नदीपर्यंत ओढायचे, तराफे बांधून प्राणहितेत सोडायचे आणि ते गोदावरीतून थेट राजमहेंद्रीकडे पोचायचे.

भामरागडच्या रस्त्यावर आलापल्लीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर वनवैभव आहे. सुमारे सहा हेक्टरचा हा तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून राखला गेला. २०१४ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून तो जाहीर झाला. आलापल्लीत वनखात्याकडे विचारून इथे जाता येतं. आत शिरल्यावर आधी उजेड बदलतो, मग हवा. सागाचे बुंधे खालपासून वरपर्यंत सरळ जातात, फांदी फुटते ती खूप वर. एका झाडाला आम्ही दोघांनी मिठी घातली, हातांना हात लागले नाहीत. खाली कुजून पडलेलं झाडही तसंच राहू दिलं आहे. त्याच्यावर शेवाळ, अळंबी, वाळवीची माती आणि त्या मातीतून वर आलेली कोवळी रोपं. बरोबरच्या वनमजुराने एका रोपाचं कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं आणि हात माझ्यापुढे धरला. तळवा लालभडक झाला होता. साग ओळखायची ही खूण इथलं प्रत्येक पोर सांगतं. गस्तीची आणि कामाची जबाबदारी असलेली अशी माणसं बोलायला लागली की जंगलाचं दुसरंच पुस्तक उघडतं. त्यांना घाई करू नये.

एटापल्ली ते सूरजागड

आलापल्ली ते एटापल्ली तीसेक किलोमीटर. एटापल्ली हे तालुक्याचं गाव, पण पंचक्रोशीची खरी भेट होते ती आठवडी बाजारात. बाहेरचे व्यापारी मीठ, कपडे, प्लास्टिकची भांडी, सुकी मासळी मांडून बसतात. गावोगावच्या माडिया बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला एका ओळीत बसतात. समोर थोडी जवस, थोडी कुळथी, झाडूचं गवत, शिंदीच्या चटया, बांबूची सुपं. लाल मुंग्या आणि त्यांची अंडी पानाच्या द्रोणात विकायला असतात. मीठ-मिरचीबरोबर वाटून त्यांची आंबट चटणी होते. आम्ही ती भाताच्या पेजेबरोबर खाल्ली. आंबटपणा लिंबाच्या जवळचा आणि मागून येणारी झोंबही चांगली.

माडिया गोंड हा भारतातल्या अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक समाज. महाराष्ट्रात असे तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया. माडिया भाषा द्रविड कुळातली, गोंडीची सख्खी. भेटल्यावर जोहार म्हणायचं, उत्तरही जोहारच मिळतं. गावाचा कारभार पाटील आणि भूमिया पाहतात, देवाधर्माचं पेरमाकडे असतं. तरुण मुलामुलींनी एकत्र येण्याची आणि पाहुण्याला उतरवण्याचीही जागा म्हणजे गोटूल. गावाबाहेर मृतांच्या नावाने उभे केलेले दगड दिसतात. त्यांना हात लावू नये, त्यांच्यावर बसून फोटो तर मुळीच काढू नयेत.

एटापल्लीहून हेडरीच्या दिशेने निघालं की सूरजागडचे डोंगर समोर येतात. सूरजागड इलाख्यातल्या गावांचा हा देवाचा डोंगर. ठाकुरदेव इथे राहतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यात्रा भरते तेव्हा आजूबाजूच्या गावांतून, छत्तीसगडमधूनही माणसं देव घेऊन चालत येतात. ढोल वाजतात, रेला नृत्याचे फेर धरले जातात आणि यात्रेच्या निमित्ताने इलाख्याची सभाही भरते. जंगल, जमीन, गावाचे वाद, खाण यांवर तिथे बोलणं होतं. देव आणि कारभार या लोकांनी कधी वेगळे ठेवले नाहीत.

हाच डोंगर लोखंडाचा आहे. रस्त्याच्या कडेला पडलेला एक खडा मी उचलला. अंगठ्याएवढाच होता, पण हातात अपेक्षेपेक्षा दुप्पट जड लागला. वरून काळसर करडा, कडेला पोलादी चकाकी. खडबडीत दगडावर तो ओढला तशी रक्तासारखी लाल रेघ उमटली. हेमॅटाइटची हीच ओळख. या भागातले असे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेव्हाच्या समुद्रात लोह आणि सिलिकाचे पातळ थर एकाआड एक साचत गेले, पुढे पृथ्वीच्या उलथापालथीत ते डोंगर झाले. सीमेपलीकडे बस्तरमधलं बैलाडिला याच प्रकारच्या खडकांसाठी प्रसिद्ध आहे. सूरजागडच्या चांगल्या खनिजात लोहाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर जातं. खडा मी होता तिथे ठेवला.

खाणीचा अलीकडचा इतिहास थोडक्यात असा. लॉयड्स मेटल्स कंपनीला ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मिळाला. तेव्हा हा भाग माओवाद्यांच्या सावटाखाली होता. जून २०१३ मध्ये कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या झाली. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात खनिजाच्या वाहनांचा मोठा ताफा जाळला गेला. काम बंद पडत, चालू होत २०२१ पासून ते सलग सुरू आहे. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये १ कोटी टनांवर नेली गेली, आणि पुढे तीही वाढली. हेडरीहून कोनसरीला खनिजाचा पातळ लगदा वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली.

डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून या सगळ्याकडे पाहिलं की एकाच बाजूने बोलणं अवघड होतं. हेडरीच्या चहाच्या टपरीवर खाणीत काम करणारी स्थानिक मुलं भेटली. पगार दर महिन्याला येतो, त्यामुळे घरचं माणूस आंध्र-तेलंगणात मिरची तोडायला जात नाही, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्याच टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही यात्रेबद्दल विचारलं. देवाच्या डोंगराची वाट आता विचारून चढावी लागते, लाल पाणी नाल्यातून शेतात उतरतं, आणि डोंगर एकदा संपला की परत येत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. ग्रामसभांचा आक्षेपही हाच आहे: पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा, दोन्ही गावाला विचारा असं सांगतात, तर आम्हाला खरोखर विचारा. मला हे मागणं रास्त वाटतं. मुलांच्या पगाराने बाबांचा प्रश्न मिटत नाही आणि बाबांच्या प्रश्नामुळे मुलांचा पगार खोटा ठरत नाही. पण विचारण्याचं काम राज्याचं आहे, आणि ते खाण पसरण्याच्या आधी व्हायचं असतं.

खाणीचा परिसर प्रवाशांसाठी नाही. डोंगर रस्त्यावरून पाहावा आणि यात्रेला जायचं तर गावातल्या माणसांबरोबर जावं. पुढचा गट्टा, गर्देवाड्याकडचा रस्ता वर्षानुवर्षं धोक्याचा होता. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एसटी बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तिथे पहिली बस गेली. एवढ्या वर्षांत या प्रदेशातून बाहेर काय काय गेलं ते आपण वाटेत पाहत आलोच आहोत.

हेमलकसा आणि भामरागड

आलापल्लीला परतून पेरमिली, ताडगाव करत भामरागडचा रस्ता धरला. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा आहे. बाबा आमटे १९७० मध्ये मुलांना घेऊन इथे सहलीला आले होते. माणसं बाहेरच्या माणसाला पाहून पळत होती. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहायला आले. वीज नव्हती, पावसाळ्याचे महिने जगाशी संपर्क नसे. आधी भाषा शिकावी लागली, मग विश्वास मिळाला. झाडाखालच्या दवाखान्याचं रुग्णालय झालं, १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. तिच्यातून शिकलेली माडिया मुलंमुली आज डॉक्टर, वकील, शिक्षक आहेत. २००८ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्राण्यांचं अनाथालय पाहायला पर्यटक गर्दी करतात. शिकारीत आई गमावलेलं माकडाचं पिल्लू डॉक्टरांनी वाचवलं, तिथून ते सुरू झालं. पण थोडा वेळ रुग्णालयाच्या बाहेर बसावं. छत्तीसगडच्या बाजूने नदी ओलांडून आलेली कुटुंबं तिथे तीन दगडांची चूल मांडून भात शिजवत असतात. रुग्णाबरोबर अख्खं घर येतं आणि त्यांना कोणी हटकत नाही. आमच्या प्रश्नाला या आवारात मिळालेलं उत्तर वाटेतल्या इतर सगळ्या उत्तरांपेक्षा वेगळं होतं. बल्लारपूरहून निघालेल्या या वाटेने जंगलातून काही न्यायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि आमटे कुटुंब इथल्या माणसांना लागेल ते घेऊन आलं.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की गावाचा संपर्क तुटतो. जानेवारीत त्याच पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडतात, मुलं जाळी टाकतात आणि लाकूड कोरून केलेले डोंगे काठाला लागलेले असतात. पुढे लाहेरीच्या दिशेने बिनागुंडाचा धबधबा आहे, तिथे स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये.

सिरोंचाकडे

आलापल्लीहून दक्षिणेला सिरोंचा शंभर किलोमीटर. वाटेत रेपनपल्लीहून आत वळलं की कमलापूरचा हत्ती कॅम्प. वनखात्याचा महाराष्ट्रातला हा एकमेव हत्ती कॅम्प. लाकूड ओढणाऱ्या हत्तींची पुढची पिढी आता ओझ्यातून मोकळी झाली आहे. सकाळी माहूत त्यांना तलावात अंघोळ घालतात, मग त्यांना भाताचे गोळे मिळतात. जवळच्या कोलामार्का राखीव क्षेत्रात रानम्हशी आहेत. महाराष्ट्रात त्या इतरत्र नाहीत.

सिरोंचा जवळ येतं तशा पाट्या आणि बोली तेलुगू होतात. १८६० ते १८७४ या काळात हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. वऱ्हाडचा कापूस आगबोटीने गोदावरीतून समुद्राला न्यायचा, अशी सर आर्थर कॉटन यांची योजना होती. नदीतल्या खडकांच्या पायऱ्या फोडण्यावर आणि बंधाऱ्यांवर भरपूर पैसा गेला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं. त्या काळातला जुना बंगला आणि किल्ल्याचे अवशेष गावात आहेत. पलीकडच्या काठावर कालेश्वरमचं देऊळ दिसतं, आता पुलावरून तिथे काही मिनिटांत जाता येतं. थोडं पुढे मेडीगड्डा धरण. २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, २०२३ मध्ये त्याचे खांब खचले, आणि त्याच्या फुगाऱ्याच्या पाण्याने सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची जमीन कितीदा बुडाली हे इथले लोक शेतावर नेऊन दाखवतात. वडधमला जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडांची खोडं तिथे पाहता येतात. याच प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरची हाडं मिळाली. त्याच्या शास्त्रीय नावाच्या उत्तरार्धात रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. इथून निघालेली ही वस्तूही बाहेरच गेली.

जाणाऱ्यांसाठी

नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटर, तिथवर रेल्वे आणि रस्ता दोन्ही उत्तम. पुढे स्वतःचं वाहन बरं, पण अहेरी आगाराच्या एसटीनेही मुख्य गावं गाठता येतात. इंधन आलापल्लीत भरून घ्यावं, रोकड जवळ ठेवावी, मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नये. मच्छरदाणी हवीच, हा हिवतापाचा पट्टा आहे. आलापल्लीत वनखात्याच्या विश्रामगृहाची आधी चौकशी करावी, हेमलकशाला जायचं तर प्रकल्पाला आगाऊ कळवावं. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. ट्रक, गुरं आणि रानडुकरं एकाच रस्त्यावर असतात. आतल्या गावांकडे जाण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावं. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत.

आणि हाताशी एक दिवस जास्तीचा असेल तर उत्तरेला धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जावं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचं पत्र मिळालेलं हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते गावाला मिळालं आणि ज्या बांबूवर कागद गिरणीचा हक्क असे तो गावाने स्वतः विकला. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः लिलावात काढतात. रस्ता तोच, ट्रकही तेच, फक्त भाव ठरवायला गाव बसतं.

एवढा मोठा रस्ता फिरून माझं म्हणणं इतकंच आहे. आलापल्लीचा साग, सूरजागडचं लोखंड, मार्कंड्याची शिल्पं हे महाराष्ट्राचं वैभव आहे असं आपण म्हणतो, तर ज्यांच्या अंगणात ते आहे त्यांच्याकडे पाहुणा म्हणून जायला हवं. त्यांच्या बाजारात खरेदी करावी, त्यांच्या यात्रेत मागे उभं राहावं, त्यांच्या ग्रामसभेचा ठराव बातमीत आला तर तो पूर्ण वाचावा. गर्देवाड्याची बस रोज धावते का, तिच्यात शिक्षक आणि नर्स बसतात का, हे विचारणारे लोक चंद्रपूर-नागपूरच्या पलीकडेही असले पाहिजेत. त्यासाठी आधी तिथे जाऊन यावं लागतं. जानेवारी चांगला महिना आहे.